सहाव्या पानावरचा अनोळखी इसम

निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली. बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गुन्ह्यातला, हे डायरी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. वसईतल्या शेवटच्या नेमणुकीतले एक काम मात्र अजून वेगळे उभे आहे. त्यात पाठलाग नव्हता, हत्यार नव्हते. ज्या माणसाचा तपास करायचा तो मरून पन्नासेक वर्षे झाली होती. संबंधितांची घरे अजून इथेच नांदत असल्याने नावे देत नाही.

सकाळची हजेरी उरकून मी ठाण्यातल्या माझ्या खोलीत येऊन बसलो होतो. ठाणे अंमलदाराने एका बाईंना आत पाठवले. वय तिशीच्या आसपास, तुळिंजला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, अंधेरीला नोकरी. हातात प्लास्टिकची फाईल. फाईल घेऊन येणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक भांडायला आलेली, दुसरी आधीच हरलेली. या बाई दोन्हींत बसत नव्हत्या.

"सर, मला कंप्लेंट नाही करायची," त्या म्हणाल्या. "फक्त विचारायचंय. पन्नास वर्षांपूर्वी सापडलेल्या डेड बॉडीचे कागद पोलीस ठेवतात का?"

मी त्यांना बसायला सांगितले.

त्यांचे मूळ घर जूचंद्रचे. खाडीकाठी भातशेती आणि मिठागरावरचे काम करणारे जुने कुटुंब. आपल्या मुलीसाठी घराण्याची माहिती लिहून ठेवावी, म्हणून बाईंनी शोध सुरू केला होता. एका ग्रंथालयाने जुनी मराठी वर्तमानपत्रे स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवली होती. त्यात गावाचे नाव टाकून शोधता येते असे म्हणतात, पण यंत्राला जुना ठसा नीट वाचता येत नसे. 'जूचंद्र' टाकले की काहीच येत नसे. मग बाई एकेक पान उघडून डोळ्यांनी वाचू लागल्या. ऑफिसातून आल्यावर, स्वयंपाक उरकल्यावर, रोज चार-पाच अंक. असे सात-आठ महिने.

"आजोबांचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही," त्या म्हणाल्या. "पप्पा तीन वर्षांचे असताना ते आजीला टाकून मुंबईला पळाले, असं सगळे सांगतात. मग एकदा मला होड्यांच्या शर्यतीची बातमी दिसली. पहिला नंबर आजोबांचा. नाव, गाव, सगळं छापलेलं. त्यांच्याबद्दल चांगलं काहीतरी मी पहिल्यांदाच वाचत होते, सर. म्हणून त्या वर्षाचे अंक मी सोडले नाहीत."

आणि त्याच वर्षाच्या पुढच्या एका अंकात, सहाव्या पानावर, बाजारभावांच्या खाली त्यांना ही चौकट सापडली. त्यांनी छापील कागद माझ्यासमोर ठेवला. 'अनोळखी प्रेत' असा मथळा. भुईगाव किनाऱ्यावर अंदाजे तीस वर्षे वयाच्या पुरुषाचे प्रेत मिळून आले आहे. बांधा मजबूत, रंग सावळा, डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली जुनी, उजव्या हातावर दोन विंचवांचे गोंदण. ओळख असणाऱ्यांनी वसई पोलिसांशी संपर्क साधावा.

"आजोबांची करंगळी मिठागरात पाणी घेण्याच्या दाराच्या फळीत सापडून तुटली होती. एवढं मला माहितीये."

"आणि गोंदण?"

"ते नाही माहीत."

"आजीला हा कागद दाखवलात?"

"नाही. हिंमत नाही झाली."

"चांगलं केलंत. आता मी सांगेपर्यंत दाखवू नका."

खरे सांगायचे तर मला फारसे काही वाटले नव्हते. तुटलेल्या करंगळीची माणसे या भागात पुष्कळ. मी अर्ज ठेवून घेऊन त्यांना परत पाठवणार होतो. फाईल आवरताना त्यांच्या हातात आणखी एक कागद दिसला, म्हणून मी विचारले. ते एक नोंदणी केलेले हक्कसोड पत्र होते. त्यात त्यांच्या आजोबांनी वडिलार्जित जमिनीतला आपला सगळा हक्क धाकट्या भावाच्या नावे सोडला होता. खाली अंगठा.

"हे कशाला आणलंत?"

"आजोबा जिवंत होते, याचा आमच्याकडे हा एकच पुरावा आहे ना. ते एक दिवस रजिस्ट्रीला आले, अंगठा दिला आणि आजीला न भेटताच निघून गेले. आजीला सगळ्यात जास्त तेच लागलंय. मुलाचं तोंडसुद्धा बघितलं नाही म्हणते."

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून तारखा पाहिल्या. हक्कसोड पत्र बातमीनंतर आठ महिन्यांनी झाले होते. ही गोष्ट बाईंच्याही लक्षात आली असावी, पण ती मोठ्याने म्हणायला त्या तयार नव्हत्या. दोन्ही कागद एकाच माणसाचे असू शकत नव्हते. प्रेत आजोबांचे असेल, तर मेलेल्या माणसाने अंगठा दिला होता.

मी आमच्या एका जुन्या हवालदाराला मुद्देमालाच्या खोलीमागच्या रेकॉर्डमध्ये पाठवले. हा सगळा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. नंतर जिल्हा बदलला, ठाणी फुटली, दप्तर इकडून तिकडे गेले. अकस्मात मृत्यूची कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, ती गेलेलीच होती. पण रजिस्टर जपतात. वाळवीने कडा खाल्लेले ते रजिस्टर हवालदाराने तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवले. नोंद होती. मृत्यूचे कारण बुडून. अंगावर मारहाणीची खूण नाही, मात्र उजव्या घोट्यास दोरीचा व्रण. तपासी अंमलदार कोण होते ते मला माहीत नाही, पण माणूस कामाचा होता. आम्ही पुष्कळदा 'हातावर गोंदण' एवढे लिहून मोकळे होतो. त्याने आकार लिहिला, संख्या लिहिली, वर्तमानपत्राला कळवले आणि फोटो घेऊन खाडीकाठच्या गावांत फिरलाही होता. नोंदीची शेवटची ओळ अशी होती: 'जूचंद्र येथील इसमास प्रेताचा फोटो दाखविला असता त्याने ओळखत नसल्याचे सांगितले.' त्या इसमाचे नाव लिहिलेले होते. हक्कसोड पत्राचा फायदा ज्याला झाला, तोच तो धाकटा भाऊ.

तरीही आधी ओळख पटायला हवी होती. मी आणि हवालदार साध्या कपड्यांत जूचंद्रला आजींकडे गेलो. पंचाहत्तरीच्या पुढच्या, काटक. हयात मिठागरावर टोपल्या वाहण्यात गेलेली. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. नातीने कागदाबद्दल काही सांगितले नव्हते. जुन्या माणसांची नोंद करतोय, असे सांगून मी नवऱ्याच्या अंगावरच्या खुणा विचारल्या.

"त्याच्या खुना आता कशाला?" आजी म्हणाल्या. "पन्नास वरसं झाली. जिथं असंल तिथं असूं दे."

"तरी सांगा."

 मग उजव्या मनगटाच्या वर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं विंचू व्हता. दोन व्हते. जत्रंत गोंदवाया बसला, पयला बिघडला. म्हनून गोंदनारनीनं बाजूला दुसरा काढून दिला फुकट. मी हसली तर मना बोल्ला, आता एक तुजा नि एक माजा."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांचा पहिला जबाब घेऊन आम्ही उठलो.

भुईगावला जाणे कागदासाठी आवश्यक नव्हते, पण मी गेलो. रजिस्टरमध्ये खबर देणाऱ्याचे नाव होते. तो वारला होता. त्याचा मुलगा, ख्रिस्ती शेतकरी, सत्तरीच्या घरातला, वाडीत केळींना पाणी लावत होता. प्रेत सापडले तेव्हा हा वीसेक वर्षांचा. त्याला सगळे आठवत होते.

"पोलीस यायला दुपार झाली, साहेब. तोपर्यंत माणूस उन्हात उघडा पडलेला. आईने पेटीतली नवी चादर काढून घातली. बाबा बोलले, कुणाचा कोण, जुनी दे. ती बोलली, कुणाचा तरी आहे ना. डोक्याशी मेणबत्ती लावून ती बसून राहिली." किनाऱ्याच्या दिशेने हात करून त्याने जागा दाखवली. सुरूची झाडे नंतरची, असे म्हणाला.

आता राहिला धाकटा भाऊ. पासष्टीच्या वरच्या पुरुषाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्याच्या घरी जावे लागते. हा नियम मला कधी अडचणीचा वाटला नाही. ठाण्यात माणूस सावध असतो. स्वतःच्या घरात त्याला खोटे बोलणे जास्त जड जाते, कारण भिंतीवरचे फोटोही ऐकत असतात.

घर दुमजली, पुढे फरशी घातलेली पडवी. वय ऐंशीला टेकलेले, गावात मान असलेला माणूस. मुलगा आणि सून आत होते. मी नातीचा अर्ज आल्याचे सांगितले आणि हक्कसोड पत्राबद्दल विचारले.

"भाऊ आला व्हता ना रजिस्ट्रीला," ते चटकन म्हणाले. "माज्या समोर अंगठा दिला त्यानं."

"कसा दिसत होता?"

"जाडा झाला व्हता. मुंबईचं पानी लागलं."

"मुलाबद्दल काही विचारलं?"

"नाय. घाईत व्हता."

"कुठं राहायचा मुंबईत? पत्ता?"

"पत्ता... तो बोल्ला नाय."

मी हे सगळे लिहून घेतले. खोटे बोलणाऱ्याला मध्ये अडवायचे नसते. त्याला पूर्ण बोलू द्यावे, मग त्याचेच म्हणणे त्याला वाचून दाखवावे. 'जाडा झाला होता' हे वाक्य मी वाचले तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यानंतर मी रजिस्टरच्या पानाची छायाप्रत पुढे ठेवली आणि शेवटची ओळ वाचली. त्यांचे नाव आल्यावर थांबलो.

"हा फोटो तुम्हाला दाखवला होता. त्या माणसाच्या हातावर दोन विंचू होते. तुम्ही ओळखत नाही म्हणालात."

 आतून मुलगा बाहेर आला आणि वकील वगैरे म्हणू लागला. म्हाताऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवले. "पानी दे," एवढेच म्हणाले. ग्लास हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

माझ्या मनात घोट्यावरचा दोरीचा व्रण होता. शर्यत जिंकणारा नावाडी, खाडीत वाढलेला माणूस बुडतो कसा? मी सरळ विचारले, "पाय बांधले होते का?"

"नाय साहेब, नाय!" ग्लास खाली ठेवताना पाणी सांडले. "शपत घेतो. तसं नाय झालं."

मग त्यांनी सांगितले ते असे. वडिलांनी नको म्हटले असताना दोघे भाऊ उधाणाच्या भरतीत होडी घेऊन गेले. हट्ट धाकट्याचा होता. शर्यत थोरल्याने जिंकली होती, आपल्यालाही होडी हाकता येते हे त्याला दाखवायचे होते. वल्ही त्याच्याच हातात होती. होडी लाटेला आडवी लागून उलटली. नांगराची दोरी थोरल्याच्या पायाला गुंडाळली आणि नांगर तळाला गेला. पुढे दोरी सुटून देह ओहोटीबरोबर समुद्राकडे गेला असावा.

"त्यानं मना ढकलला वर. मी पवत काठाला आलो. मागं बघितला तर नुसतं पानी. बापाला काय सांगू? घरी जाऊन बोल्लो, भाऊ मुंबईला गेला, गोदीत काम धराया. वाटला, दोन दिवसांनी सांगू. दोन दिवसांनी पोलीस फोटो घेऊन आला. बाप बाजूला उभा व्हता. आता हो बोल्लो, तर बाप विचारंल, तू कुठं व्हतास. मी नाय बोल्लो."

"आणि हक्कसोड?"

 बुडण्याची गोष्ट सांगताना ते रडले होते. ही सांगताना रडले नाहीत. मुलाची वाट पाहत वडील सहा महिन्यांत गेले. जमिनीला दोन नावे लागली. वहिनीला वाटा द्यायचा, तर भाऊ मेल्याचे सांगावे लागले असते. मग वाडा तालुक्यातून मजुरीला आलेला एक माणूस भाऊ म्हणून रजिस्ट्रीत उभा केला. तो आता हयात नाही, ओळख देणारे साक्षीदारही नाहीत.

"भीतीचं एक झालं साहेब," ते म्हणाले. "दुसरं भीतीचं नव्हतं. ते लालूचच."

सेवेत मी अनेक कबुल्या ऐकल्या. बहुतेक जण आपल्या चुकीच्या दोन्ही टोकांना एकच कारण लावतात. या माणसाने ती वेगळी करून सांगितली, हे मी नोंदवून ठेवतो. अर्थात पोलिसासमोरची कबुली कोर्टात पुरावा होत नाही. आमच्याकडे रजिस्टर होते, वर्तमानपत्राचे पान होते, नोंदणी कार्यालयाचा दस्त होता. त्या आधारावर बनावट दस्ताचा आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. मृत्यूबद्दल घातपाताचे काही मिळाले नाही. ती नोंद होती तशीच राहिली, फक्त 'अनोळखी' या शब्दापुढे नाव आले.

आजींना सांगायला मी स्वतः गेलो. नात होती, आणि आजींचा मुलगाही होता. पन्नाशी उलटलेला, रिक्षाचा धंदा असलेला गृहस्थ. बापाचा विषय निघाला की घराबाहेर जाणारा, असे मुलीने मला सांगितले होते. त्या दिवशी तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी खाडी, होडी, दोरी, भुईगावचा किनारा, सगळे क्रमाने सांगितले.  संपल्यावर आजींनी विचारले, "उघडा पडला व्हता का तो?"

"नाही. तिथल्या एका बाईने नवी चादर घातली होती. पोलीस येईपर्यंत ती जवळ बसली होती."

त्यांनी मान हलवली. 

"म्हंजे रजिस्ट्रीला तो आला नव्हता."

"नाही आला."

"आमाला न भेटता गेला, तो तो नव्हता."

"नाही."

मुलगा तिथेच खाली बसला. त्याने तोंड दोन्ही हातांत धरले. नात त्याच्याजवळ जाऊन बसली. आजी उठल्या आणि चूल पेटवून आमच्यासाठी चहा ठेवला. मी नको म्हणालो नाही.

दोन दिवसांनी पुरवणी जबाबासाठी आमचा रायटर, म्हणजे जबाब लिहून घेणारा शिपाई, त्यांच्या घरी आला. मीही होतो. आमच्या लोकांना एक वाईट सवय आहे. आधीच्या जबाबातला मजकूर उचलून नव्यात तसाच टाकतात, वेळ वाचतो. छापून आणलेला जबाब रायटर भराभर वाचू लागला. 'मी वरील ठिकाणी मुलासह राहण्यास असून, माझे पती सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मला व मुलाला सोडून निघून गेले...'

"थांब," आजी म्हणाल्या.

रायटर थांबला नाही, ओळ पूर्ण करू लागला. त्यांनी कागदावर हात ठेवला.

"सोडून नाय गेला. बुडला. तसा लिव."

"आजी, पुढे सगळं आलंय खाडीचं," रायटर म्हणाला. "अर्थ तोच निघतो."

"तोच नाय निघत."

मी रायटरकडून पेन घेतले. ती ओळ खोडली आणि वर हाताने लिहिले, 'माझे पती खाडीत बुडून मयत झाले.' खाडाखोडीशेजारी जबाब देणाऱ्याची सही लागते. आजींना सही येत नव्हती. नातीने त्यांचा अंगठा शाईला लावला. अंगठा उमटवल्यावर त्यांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावले. मी वाचले. मग म्हणाल्या, "आता बाकीचा काय पन लिवा."

दोषारोपपत्र माझ्या काळात गेले. खटला उभा राहण्याआधीच धाकटे भाऊ वारले आणि प्रकरण तिथेच संपले. जमिनीचा दिवाणी वाद दोन्ही घरांत चालू होता, त्याचे काय झाले मला माहीत नाही. आजींच्या मुलाने भुईगावच्या किनाऱ्यावर बापाचे पिंडदान केल्याचे मात्र त्या नातीने फोनवर कळवले. चादर देणाऱ्या बाईंचा मुलगा जागा दाखवायला बरोबर आला होता. नातीने शोध तिथे थांबवलेला नाही. आजीच्या माहेरचे काही सापडते का, ते आता पाहते आहे.

मला या प्रकरणाने काय दिले, ते सांगतो. गुन्हा दाखल करताना मी जमीन धरून चाललो होतो, कारण कलम जमिनीच्या दस्ताला लागत होते. फिर्यादीला काय हवे आहे हे आम्ही कलमावरून ठरवतो, ती आमची सोय असते. आजींनी सगळ्या तपासात एकदाही जमिनीचा शब्द काढला नाही. त्यांना आमच्या कागदावरचे एक वाक्य बदलून हवे होते, आणि रायटर ते घाईत वाचून पुढे निघाला होता. मी तिथे नसतो, तर तो जबाब तसाच कोर्टात गेला असता.

अजूनही कधी नव्या अधिकाऱ्यांशी बोलायला बोलावतात. मी त्यांना तपासाच्या मोठ्या गोष्टी सांगत नाही. जबाब वाचून दाखवताना सावकाश वाचा, आणि नजर कागदावर नको, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे ठेवा, एवढेच सांगतो.